जाब कोणी कोणाला विचारायचा?

मध्य रेल्वेच्या धीम्या गाडीने मुंब्र्याहून डोंबिवलीला जाताना मध्ये दोनच स्थानके लागतात, दिवा आणि कोपर. पुस्तके आणायला, दवाखान्यात, शिक्षकांच्या प्रशिक्षणाला आम्ही या वाटेने असंख्य वेळा गेलो आहोत. २२ एप्रिल २०२५ नंतरच्या आठवड्यात मात्र ही वाट फार लांबची झाली. पहलगामजवळच्या बैसरन मैदानात त्या दिवशी दहशतवाद्यांनी सव्वीस माणसे मारली. धर्म विचारून मारली. त्यांत तिघे डोंबिवलीचे होते, एकमेकांच्या नात्यातले, घरच्यांसह सहलीला गेलेले. पर्यटकांना वाचवू पाहणारा एक काश्मिरी घोडेवालाही मारला गेला. तो मुसलमान होता. दुसऱ्या दिवशी डोंबिवलीच्या भागशाळा मैदानावर तिघांचे देह आणले गेले तेव्हा सारे शहर तिथे लोटले. आम्ही गेलो नाही. जावेसे वाटत होते. पण लोक आमच्या दाढी-टोपीकडे कोणत्या नजरेने पाहतील या भीतीने पाय निघाला नाही. ही भीती खरी होती की आमच्याच मनाची, हे आजही सांगता येत नाही.

त्या मैदानावर रडणाऱ्या माणसांच्या मनात जो प्रश्न होता तो आमच्याही मनात होता. पर्यटकांनी भरलेल्या जागी बंदोबस्त का नव्हता? मारेकरी आले कसे, गेले कसे? हा प्रश्न सरकारला विचारणे हे वर्तमानपत्रांचे आणि वाहिन्यांचे काम. पण पंधरा दिवसांनी, ७ मे रोजी, 'ऑपरेशन सिंदूर' सुरू झाले आणि प्रश्न विचारणारेच तलवार उपसून रणांगणात उतरले. ८ मेच्या रात्री आपल्या वाहिन्यांनी कराचीचे बंदर उद्ध्वस्त केले, इस्लामाबादेत फौजा घुसवल्या, पाकिस्तानच्या लष्करप्रमुखाला अटकही करवली. सकाळी यातले काहीच घडले नसल्याचे दिसले.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर नववीतल्या एका मुलाने आम्हाला विचारले, "सर, कराची का बंदरगाह तो तबाह हो गया था ना? फिर वापस कैसे आ गया?" वर्ग हसला. आम्हाला हसू आले नाही. मुलाचा प्रश्न साधा होता आणि उत्तर द्यायला कोणी जबाबदार माणूस शिल्लक नव्हता.

आमचे काही पदवीधर मित्र छातीठोकपणे सांगतात की इंटरनेटच्या जमान्यात सरकारला काही लपवता येत नाही आणि माध्यमांना काही दडपता येत नाही. आम्हाला हे म्हणणे मान्य नाही. इंटरनेटमुळे युद्धातले खोटे पकडणे सोपे झाले, हे निर्विवाद. पण पकडलेल्या खोट्याबद्दल जाब देणे कोणालाही भाग पडलेले नाही. उलट जाब विचारण्याची दिशाच फिरली आहे. पूर्वी वृत्तपत्राने सरकारला विचारायचे असते, असे निदान पुस्तकात तरी लिहिलेले होते. आज सरकार आणि वाहिन्या मिळून वाचकाला विचारतात, तू हे का वाचलेस, तू हे पुढे का पाठवलेस?

युद्धकाळात सरकार काय करते ते लोकांना कळू नये, ही इच्छा नवी नाही. आम्ही उर्दू माध्यमात शिकवतो, म्हणून आम्हाला आधी उर्दू पत्रकारितेची आठवण होते. १८५७ च्या उठावानंतर 'देहली उर्दू अखबार'चे संपादक मौलवी मुहम्मद बाकर यांना इंग्रजांनी ठार केले. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले आणि त्याच वर्षी मौलाना आझादांचे 'अल-हिलाल' बंद पाडण्यात आले. स्वतंत्र भारतातही १९७५ च्या आणीबाणीत संपादकांना मजकूर आधी सरकारी माणसाला दाखवावा लागे. म्हणून आमच्या मोहल्ल्यातले बुजुर्ग रात्री रेडिओचा काटा फिरवून बीबीसी उर्दूचे 'सैरबीन' ऐकत बसत. आपल्या देशाची बातमी लंडनहून ऐकावी लागते याची खंत त्यांना होती, पण दुसरा मार्ग नव्हता.

मग १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. चारच वर्षांत कारगिलचे युद्ध आले. १९९९ च्या त्या उन्हाळ्यात सरकारने पाकिस्तान टीव्ही केबलवरून हटवला आणि निगमाने कराचीच्या 'डॉन' या वृत्तपत्राचे संकेतस्थळ अडवले. देशाच्या इंटरनेटची किल्ली तेव्हा निगमाच्याच खिशात होती. शत्रूचे वर्तमानपत्र वाचले तर देशाचे नुकसान होते, ही समजूत तेव्हाची आहे. आपले काय चुकले हे आपल्या लोकांना कळले तर नुकसान होते, ही तिचीच पुढची पायरी.

मार्च २००१ मध्ये 'तहलका डॉट कॉम' या संकेतस्थळाने संरक्षण खरेदीतील लाचखोरीच्या चित्रफिती बाहेर काढल्या. सत्ताधारी पक्षाचे अध्यक्ष बंगारू लक्ष्मण यांना नोटा घेताना साऱ्या देशाने पाहिले. त्यांना पद सोडावे लागले, संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनीही राजीनामा दिला. कागद नाही, छापखाना नाही, तरी एका संकेतस्थळाने दिल्ली हादरवली. इंटरनेटवर आशा लावणारे लोक हे उदाहरण देतात ते बरोबरच आहे. पण गोष्ट अर्धी सांगून थांबतात. फर्नांडिस त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुन्हा संरक्षणमंत्री झाले. ते संकेतस्थळ मात्र चौकश्यांच्या फेऱ्यात सापडून दोन वर्षांत कंगाल झाले. ज्याने जाब विचारला त्यालाच जाब द्यावा लागला.

आता आमच्या मुंब्र्याकडे येऊ. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. १५ जून २००४ रोजी अहमदाबादजवळ चौघांना चकमकीत ठार केल्याचे गुजरात पोलिसांनी जाहीर केले. त्यांत मुंब्र्याची एकोणीस वर्षांची कॉलेजात शिकणारी इशरत जहाँ होती. मुख्यमंत्र्यांना मारायला निघालेले हे दहशतवादी होते, असे पोलिसांनी सांगितले आणि वाहिन्यांनी तेच सांगितले. दोघांच्या सांगण्यात काडीचे अंतर नव्हते. कॅमेरे मुंब्र्यात आले, पण विचारायला नव्हे, दाखवायला आले. त्यानंतर कितीतरी वर्षे नोकरीच्या अर्जावर मुंब्र्याचा पत्ता लिहिताना आमच्या थोरल्या भावंडांचा हात अडखळायचा.

पाच वर्षांनी, सप्टेंबर २००९ मध्ये, अहमदाबादचे दंडाधिकारी तमांग यांनी आपल्या अहवालात ही चकमक बनावट असल्याचे म्हटले. २०११ मध्ये उच्च न्यायालयाने नेमलेल्या तपास पथकाचा निष्कर्षही तोच निघाला, आणि २०१३ मध्ये सीबीआयने पोलीस अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवले. पुढे २०२१ पर्यंत आरोपी अधिकारी एकेक करून दोषमुक्त झाले. त्या मुलीबद्दल वाटेल ते बोलणारे आजही आहेत. पण तिच्यावरचा आरोप कोणत्याही न्यायालयात खटला चालून सिद्ध झालेला नाही. आमचा मुद्दा वाहिन्यांपुरता आहे. 'दहशतवादी' हा शब्द २००४ मध्ये त्यांनी कोणत्या पुराव्यावर उच्चारला? पोलिसांच्या एका कागदावर. आणि तो तपासायला लागली पाच वर्षे.

त्या वेळी लोकांच्या हाती मोबाइलचा कॅमेरा असता तर? हा प्रश्न आम्ही स्वतःला पुष्कळदा विचारला आहे, कारण मधल्या काळात जगाने या कॅमेऱ्याची ताकद पाहिली. १२ जुलै २००७ रोजी बगदादमध्ये अमेरिकी हेलिकॉप्टरने केलेल्या गोळीबारात रॉयटर्सचे दोन कर्मचारी मारले गेले. रॉयटर्सने माहितीच्या कायद्याखाली ती चित्रफीत मागितली, मिळाली नाही. ५ एप्रिल २०१० रोजी विकिलीक्सने तीच चित्रफीत इंटरनेटवर टाकली आणि जगाने ती पाहिली. २३ मार्च २०२५ रोजी गाझातील रफाह येथे इस्रायली सैनिकांनी रुग्णवाहिका आणि बचाव पथकातील पंधरा जणांना ठार केले. वाहने दिव्यांशिवाय संशयास्पद रीतीने येत होती, असे सैन्याने सांगितले. मारल्या गेलेल्यांपैकी एकाच्या मोबाइलमधली चित्रफीत एप्रिलमध्ये प्रसिद्ध झाली. तीत रुग्णवाहिकांचे दिवे लखलखत होते. सैन्याला आपले म्हणणे बदलावे लागले. मेलेल्या माणसाच्या मोबाइलने साक्ष दिली आणि एका बलाढ्य सैन्याची थाप उघडी पडली. हे इंटरनेटपूर्वी शक्य नव्हते. एवढे श्रेय आम्ही मोकळ्या मनाने देतो.

आपल्याकडेही असे घडले आहे. बालाकोटच्या हल्ल्यानंतर, २७ फेब्रुवारी २०१९ रोजी, काश्मीरमधील बडगामला हवाई दलाचे हेलिकॉप्टर कोसळले. सहा जवान आणि खाली उभा असलेला एक नागरिक गेला. जवानांत नाशिकचे एक तरुण स्क्वाड्रन लीडर होते. ते आपल्याच क्षेपणास्त्राने पडले असावे, ही शंका काही वृत्तपत्रांत आणि संकेतस्थळांवर लवकरच मांडली गेली. रात्रीच्या चर्चांत मात्र अशी शंका घेणे म्हणजे देशद्रोह ठरत होता. मध्ये लोकसभेची निवडणूक झाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी ती आपलीच मोठी चूक होती हे स्वच्छ शब्दांत मान्य केले. जे शंका घेत होते त्यांची क्षमा कोणत्या वाहिनीने मागितली? नाशिकच्या त्या घराला सत्य सात महिने उशिरा कळले, त्याबद्दल कोणी खेद व्यक्त केला?

आणि आता मे २०२५. ७ मे रोजी पाकिस्तानी तोफांचा मारा जम्मूच्या पूंछ शहरावर झाला. हिंदू, मुसलमान, शीख, लहान मुले, सगळेच त्यात बळी पडले. त्यांत तिथल्या एका मदरशाचे शिक्षक होते. कारी होते, मुलांना कुरआन शिकवायचे. भारताच्या नागरिकाला, भारताच्या भूमीवर, पाकिस्तानच्या तोफगोळ्याने मारले. आपल्या काही वाहिन्यांनी त्यांचा फोटो पडद्यावर लावला आणि सांगितले की पाकव्याप्त काश्मीरमधल्या तळावर आपल्या सैन्याने एका कुख्यात दहशतवाद्याला टिपले. पुरावा काय? दाढी आणि टोपी. त्या शिक्षकाचे नाव आम्ही येथे लिहीत नाही. त्या दिवशी ते पडद्यावर पुरेसे झळकले आहे.

आम्हीही शिक्षक आहोत. आम्हालाही दाढी आहे. शाळेच्या ओळखपत्रावरच्या आमच्या फोटोखाली उद्या कोणी काय लिहील, हा विचार त्या रात्री आमच्या मनात आला आणि झोप उडाली.

येथे इंटरनेटचे काम पाहा. पूंछच्या लोकांनी लगोलग लिहायला सुरुवात केली की हे आमचे कारीसाहेब आहेत. खोटे पकडणाऱ्या संकेतस्थळांनी तपास केला. पूंछच्या पोलिसांनी निवेदन काढून सांगितले की या गृहस्थांचा दहशतवादाशी काहीही संबंध नव्हता, त्यांना समाजात मान होता. मुंब्र्याच्या मुलीसाठी जिथे पाच वर्षे लागली तिथे पूंछच्या शिक्षकासाठी दोन दिवसही लागले नाहीत. हा फरक केवढा मोठा! पण पुढे काय? जून २०२५ मध्ये पूंछच्या न्यायालयाने दोन वाहिन्यांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, तो एका वकिलाने अर्ज केला म्हणून. सरकार आपणहून गेले नाही, वृत्तवाहिन्यांची संघटना गेली नाही. राजदीप सरदेसाई यांच्यासारख्या एखाद्याने पडताळणी न करता बातम्या दिल्याबद्दल प्रेक्षकांची माफी मागितली. बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशी नवी टाय बांधली आणि पुन्हा पडद्यावर आले.

सरकारला या रात्रीची दखल घ्यावीशी वाटली नाही असे नाही. १० मे रोजी नागरी संरक्षण विभागाने वाहिन्यांना सूचना केली की कार्यक्रमांत हवाई हल्ल्याचा भोंगा वाजवू नका, लोकांना खऱ्या भोंग्याची सवय उरणार नाही. भोंग्याची चिंता केली, खोट्या बातमीची केली नाही. ताकीद देण्याची ताकद सरकारजवळ आहे. पठाणकोट हल्ल्याच्या वार्तांकनावरून नोव्हेंबर २०१६ मध्ये 'एनडीटीव्ही इंडिया' एक दिवस बंद ठेवण्याचा आदेश याच सरकारने काढला होता आणि गदारोळ झाल्यावर तो स्थगित केला होता. कराची बुडवणाऱ्या कोणा वाहिनीला तसा आदेश गेल्याचे आमच्या वाचनात नाही.

मग त्या दिवसांत बंद काय झाले? ८ मे रोजी 'एक्स' कंपनीने जाहीर केले की आठ हजारांहून अधिक खाती भारतात बंद करण्याचे आदेश सरकारने दिले आहेत. त्यांत वृत्तसंस्था आणि पत्रकारही होते. ९ मे रोजी 'द वायर' हे संकेतस्थळ अडवले गेले. आपली विमाने पडल्याविषयी एका परदेशी वाहिनीने दिलेल्या बातमीवरून लिहिल्यामुळे हे झाले, असे त्याच्या संपादकांनी सांगितले. आणि ३१ मे रोजी संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी सिंगापुरात परदेशी वृत्तसंस्थांशी बोलताना विमाने गमावल्याचे मान्य केले; किती, ते सांगितले नाही. म्हणजे जे भारतीय वाचकाने भारतीय संकेतस्थळावर वाचणे धोक्याचे होते, ते तीन आठवड्यांनी परदेशी वृत्तसंस्थेला सांगणे धोक्याचे राहिले नाही. मोहल्ल्यातल्या बुजुर्गांचा रेडिओ आम्हाला पुन्हा आठवला. काटा फिरवून फिरवून आपण तिथेच आलो.

आता पुण्याची गोष्ट. एकोणीस वर्षांची एक काश्मिरी मुलगी पुण्यात अभियांत्रिकी शिकत होती. ७ मे रोजी तिने युद्धाविषयीची दुसऱ्या कोणाची पोस्ट इन्स्टाग्रामवर पुढे पाठवली. धमक्या आल्या. चूक कळली, दोन तासांत पोस्ट काढून टाकली आणि माफी मागितली. ९ मे रोजी तिला अटक झाली. कॉलेजने काढून टाकले, येरवड्याच्या तुरुंगात टाकले, परीक्षा बुडाली. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सरकारची कडक शब्दांत हजेरी घेतली आणि तिला सोडायला लावले, तेव्हा कुठे तिला पुढचे पेपर लिहिता आले.

हे दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहा. एकीकडे परवाना घेतलेली, जाहिरातींवर चालणारी, संपादक आणि वकील पदरी बाळगणारी वाहिनी मृत शिक्षकाला दहशतवादी म्हणते आणि निवांत झोपते. दुसरीकडे दोन तासांत चूक पुसणारी विद्यार्थिनी तुरुंगात जाते. त्या मुलीची पोस्ट बरोबर होती असे आम्ही म्हणत नाही. आमच्या वर्गातल्या मुलीने तशी पोस्ट पाठवली असती तर आम्ही तिला समोर बसवून समजावले असते. पण शिक्षा चुकीच्या वजनाने व्हायची असेल तर तराजू सगळ्यांना एकच हवा. युद्धात सरकारच्या बाजूने बोललेले खोटे म्हणजे चूक आणि शंकेने बोललेला शब्द म्हणजे गुन्हा, हा कोणता न्याय?

या देशात वृत्तवाहिनीला जाब विचारणार कोण? १९७८ च्या कायद्याखालील प्रेस कौन्सिल फक्त वृत्तपत्रांचे पाहते, आणि तेही समज देण्यापलीकडे फारसे काही करू शकत नाही. वाहिन्यांनी आपल्यापुरती नेमलेली यंत्रणा जास्तीत जास्त एक लाख रुपये दंड करत आली. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच विचारले की एवढ्याशा दंडाचा धाक कोणाला वाटणार? संकेतस्थळ बंद करायचे झाल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९-अ आहे, आणि त्याच्या २००९ च्या नियमांत ही कारवाई गुप्त ठेवण्याची तरतूद आहे. ज्याचे तोंड बंद केले त्याला कारणही धड कळत नाही.

यावर सरकारने उपाय शोधला तो असा की सरकारविषयीची बातमी खरी की खोटी हे सरकारचाच विभाग ठरवील. २०२३ च्या नियमांतील ही तरतूद मुंबई उच्च न्यायालयात आव्हानित झाली. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मते भिन्न पडली. सप्टेंबरमध्ये तिसरे न्यायमूर्ती चांदूरकर यांनी ती घटनाबाह्य ठरवली. आमच्या शाळेत मुलांना आपले पेपर आपणच तपासायला दिले तर सगळेच पहिल्या वर्गात येतील. हे कळायला बी.एड. व्हावे लागत नाही.

येथवर वाचून आमच्या मोहल्ल्यातले वाचक खूश झाले असतील. तर आता थोडे त्यांच्याशी. आमच्याशीही. त्याच मे महिन्यात आमच्या व्हॉट्सअॅप गटांत काय फिरत होते? व्हिडिओ गेममधली विमाने खरी म्हणून फिरत होती. गाझाच्या नावाने सीरियाची जुनी छायाचित्रे तर २०२३ पासूनच फिरत आहेत. ज्या गटात वाहिन्यांच्या थापांना हसले जाते त्याच गटात पुढच्या मिनिटाला तशीच थाप 'आमीन' म्हणून पुढे जाते. आम्ही एकदा एका गटात विचारले, हे कुठून आले? उत्तर आले, "मास्टर साहब, आप भी उन्हीं की ज़बान बोलने लगे?" आम्ही गप्प बसलो. ती आमची चूक होती.

खोट्या चित्राची किंमत काय असते ते आपल्या महाराष्ट्राने भोगले आहे. २०१८ मध्ये मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेबरोबर जी छायाचित्रे फिरली त्यांत २०१३ च्या सीरियातील विषारी वायूच्या हल्ल्यात मेलेल्या मुलांचीही होती. युद्धात एका सरकारने काय केले याची ती साक्ष होती. त्या निष्पाप लेकरांचे कलेवर आपल्या गावोगावच्या मोबाइलवर पळवलेली मुले म्हणून दाखवले गेले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे त्या अफवेपायी भिक्षा मागून जगणाऱ्या भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. साक्षीचे चित्र आणि अफवेचे चित्र एकच असू शकते. फरक फक्त इतकाच की एकाबरोबर ते कुठले, कधीचे, कोणी काढलेले हे लिहिलेले असते आणि दुसऱ्याबरोबर नसते.

मुसलमानाला तरी हे नव्याने शिकवायला नको. सूरह अल-हुजुरातमध्ये आलेल्या खबरीची शहानिशा करण्याचा स्पष्ट हुकूम आहे. हदीस गोळा करणाऱ्या इमामांनी एकेका वचनामागे रावींची अख्खी साखळी तपासली. हे कोणाकडून ऐकले, त्याने कोणाकडून, तो खरे बोलणारा होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती? साखळीत एक कडी कच्ची निघाली तरी वचन कितीही सुंदर असो, ते कमजोर ठरवले. त्या उम्मतचे वारस आज 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' अशी खूण असलेला, ज्याचा रावीच नाही असा संदेश डोळे मिटून पुढे ढकलतात. वाहिन्यांना जाब विचारण्याचा अधिकार त्यालाच आहे जो स्वतःच्या अंगठ्याला जाब विचारतो.

आता आमच्या मागण्या सांगतो. त्या मोठ्या नाहीत. वाहिनीने ज्या वेळेला, जेवढा वेळ खोटे सांगितले, त्याच वेळेला, तेवढाच वेळ दुरुस्ती सांगावी. मृत माणसाची बदनामी झाली तर त्याच्या घरच्यांना वकील शोधत हिंडावे लागू नये, यंत्रणेने आपणहून दखल घ्यावी. संकेतस्थळ बंद करताना लेखी कारण द्यावे आणि ते लोकांपुढे ठेवावे. सैन्याच्या हालचाली गुप्त राहाव्यात हे आम्हाला मान्य आहे. कोणताही शहाणा नागरिक ते मान्य करील. पण हालचाल गुप्त ठेवणे वेगळे आणि चूक गुप्त ठेवणे वेगळे. पहिल्याने जवान वाचतो. दुसऱ्याने पुढचा जवान मरतो.

शाळेपुरते आम्ही एक ठरवले आहे. दर शनिवारी शेवटच्या तासाला नववी-दहावीच्या मुलांनी मोबाइलवर आलेली एक बातमी वहीत उतरवून आणायची आणि फळ्यावर तिच्या रावींची साखळी काढायची. बहुतेक वेळा साखळी दुसऱ्या कडीलाच तुटते. मुले हसतात, मग गंभीर होतात. कराचीचे बंदर परत कसे आले असे विचारणारा तो मुलगा आता सगळ्यांत आधी विचारतो, "सर, ये बात कही किसने?"

राहता राहिला भागशाळा मैदानावरचा प्रश्न. जुलै २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरचे नायब राज्यपाल मनोज सिन्हा यांनी एका मुलाखतीत मान्य केले की बैसरन ही सुरक्षेतील चूक होती आणि तिची जबाबदारी आपली आहे. म्हणजे एप्रिलमध्ये डोंबिवलीच्या चितेसमोर उभ्या असलेल्या माणसांचा प्रश्न योग्यच होता. तो विचारणाऱ्यांत मुंब्र्याची माणसेही उभी राहिली असती तर त्याचा आवाज थोडा मोठा झाला असता. मध्ये दोनच स्थानके होती. आम्ही गेलो नाही, याचा जाब आम्हालाही द्यायचा आहे.